तोंडावरचा कागद

प्रिय दानबीच्या आई,

पत्र बघून घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर माझी जीभ माझ्याआधी धावते. लिहिताना हात अडखळतो, तेवढ्यात वाईट शब्द गळून जातो. म्हातारपणी गावच्या वर्गात अक्षरं शिकले त्याचा एवढा तरी उपयोग. चुका हसून वाच.

शनिवारी तू गेलीस आणि शेजारची ओकबुन कुंपणावरून डोकावली. म्हणते, "काय गं, आज सकाळभर तुझा आवाज नाही, मला वाटलं आटोपलीस!" मी म्हटलं, "जांग घालत होते, तोंडाला कागद होता." तर म्हणते, "बारा महिने घालत जा की मग!" मेलीला हाकललं.

कागदाचं तुला ठाऊकच आहे. लग्नानंतर पहिल्या वर्षी माझ्या सासूने तो माझ्या तोंडावर बांधला. सोयाबीनच्या भेल्या मिठाच्या पाण्यात पडताना बाईचा श्वास रांजणात गेला तर जांग आंबण्याऐवजी नासतो, म्हणाली. माझ्यापुरतं तिचं कारण वेगळं असणार, हे मी तेव्हाच ओळखलं होतं. यंदा माझा कागद तू बांधलास, कानामागे दोरा हलक्या हाताने. तुझा मात्र घडी करून खिशात ठेवलास. मी खुणेने विचारलं तर म्हणालीस, "आई, आज मी नाही बांधणार. नासला तर नासू दे. मला बोलायचंय."

आणि बोललीस. माझा हासोक जाऊन तीन वर्षं झाली. तो बॉयलर दुरुस्त करणारा पेक. दानबी त्याच्याशी हसते. तुला लग्नाचं विचारतोय.

मीरान, तेव्हा माझ्या जिभेवर काय काय आलं ते लिहीत नाही. एवढंच सांगते, कागद नसता तर तू पुन्हा या अंगणात पाय ठेवला नसतास. ओरबाडून काढणार होते. पण हातात पाण्याची घागर, रांजण अर्धा भरलेला, वर्षभराचं खाणं त्यात. ओतत राहिले. ओतता ओतता पहिलं वाक्य शिळं झालं. दुसरं गिळलं. रांजण काठाला आला तेव्हा रागाच्या तळाशी फक्त भीती उरली होती, की तुम्ही दोघी गेल्यावर इथे मी आणि हे रांजण. तुला धरून ठेवावं असं फार वाटलं. पण ते तुझ्यासाठी नव्हतं, माझ्यासाठी होतं. कागद ओला झाला होता. थंडीत नाक गळतं.

मग कागद काढला आणि म्हणाले काय, तर "मीठ बरोबर आहे." तू मान खाली घालून बसथांब्याकडे गेलीस. त्यापुढचं मला तोंडाने जमलं नसतं.

नवरा गेल्यावर सासूच्या दारी कोण येतं? तू दर वर्षी आलीस, भेल्या धुतल्यास, माझी बडबड ऐकलीस, एकदाही उलटून बोलली नाहीस. तुला कुणी कागद बांधला नव्हता. आणि ही गोष्ट गावभर कळायच्या आधी मला सांगितलीस. दिवसही नेमका निवडलास, लबाड! त्याबद्दल तर जास्तच उपकार मानते.

रांजण उघडायला दानबीला घेऊन ये. त्यालाही आण, माझा बॉयलर रात्रभर खोकतो. पुढच्या वर्षी त्याच्याही तोंडाला कागद बांधू.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. लग्नात नवरीच्या आईने पुढे जाऊन मेणबत्ती लावायची असते. तुला माहेर नाही. हासोकशी लागलं त्या वेळी तुझ्या आईची खुर्ची रिकामी होती, मी समोरच्या बाजूला मुलाची आई म्हणून बसून बघत होते. या वेळी रिकामी ठेवू नकोस. घालायला ठेवणीतला निळा हानबोक बाहेर काढून वाऱ्यावर टाकलाय. मी बसेन. तोंड मिटून बसेन, कागदाशिवाय.

तुझीच,
सासू
(हे मात्र मी बदलणार नाही.)