दुसरी बाही दारात विणली

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की आता तुमच्याशी बोलताना वयानं मीच मोठी आहे. गेले काही दिवस तुम्ही सारखे आठवता आहात, आणि आठवता ते हातात विणायच्या सलाया घेतलेले.

पोलादाचा कारखाना तेव्हा उभा राहतच होता. तुम्ही रिगर होता, लोखंडाचे अवजड खांब साखळ्यांना बांधून वर चढवणाऱ्या टोळीत. भंडाऱ्याकडच्या गावातून येऊन आपण कामगारांच्या वस्तीत, कॅम्प-1 मध्ये, एका खोलीत राहायचो. एका बाजूला ओडिया घर, दुसऱ्या बाजूला एक पंजाबी आजी, सगळ्यांच्या बीजी. हिवाळ्यात बीजी उन्हात बसून नातवंडांचे स्वेटर विणायच्या. ड्युटीवरून आलात की तुम्ही चहा घेऊन कुंपणाशी उभे राहायचात आणि त्यांच्या बोटांकडे बघता बघता चहा निवून जायचा. एकदा बीजींनीच विचारलं, "सीखना है क्या, पुत्तर?" तुम्ही इकडेतिकडे कोणी नाही ना ते पाहिलंत आणि मान हलवलीत.

सायकलच्या जुन्या तारा घासून तुम्ही सलाया केल्यात. साखळ्या ओढून तुमची बोटं इतकी फुटलेली, की लोकर त्यांत अडकायची, म्हणून विणायला बसण्याआधी तुम्ही बोटांना तेल चोळायचात. आणि दार लावून घ्यायचात. आई चुलीपाशी खोकत म्हणायची, "दार कावून लावलं? सारा धूर कोंडून राहिला ना."

"लोकं पाहतीन."

"पाहू द्या. चोरी करून राहिले का तुम्ही?"

"चोरी केली तर लोकं मारतीन. याले हासतीन," तुम्ही म्हणालात, आणि त्या दोहोंतलं मारणं तुम्हाला बरं वाटत असावं, असा तुमचा चेहरा होता.

माझा लाल स्वेटर गळ्यापर्यंत झाला, एक बाही झाली, आणि तुमच्या टोळीतले एक काका तुम्हाला हाक मारायला आले ते दार ढकलून सरळ आतच आले. सलाया लपवायला तुम्हाला वेळच मिळाला नाही. "भाऊ," ते म्हणाले, "उद्यापासून खांब चढवाले वहिनीले पाठवतं का?" दुसऱ्या दिवशी साऱ्या टोळीला कळलं. त्या संध्याकाळी स्वेटर पेटीच्या तळाशी गेला. आई म्हणाली, "एकच बाही तं राहिली." तुम्ही म्हणालात, "लोकं हासून राहिले. जाऊ दे."

मी तेव्हा सहा वर्षांची. स्वेटर पेटीत का गेला हे काही मला समजत नव्हतं, थंडी मात्र समजत होती. एका सकाळी मी पेटीतून स्वेटर काढला, घातला आणि नळावर आले. एक हात लोकरीत, दुसरा उघडा. पाण्याच्या रांगेतल्या बायका बघायला लागल्या. एकीनं विचारलं, "कोणं विणला गं, पोट्टे?"

"माह्या बाबानं."

"आन् दुसरी बाही?"

"लोकं हासले. म्हणून बाबानं ठेवून देली."

आधी बीजी हसल्या, त्यांच्या मागे ओडिया काकू, आणि मग सगळी रांगच हसत सुटली. तेव्हा मला दिसलं की रांगेच्या शेवटी बादली घेऊन तुम्ही उभे आहात. तुमचे कान लाल झाले होते. तुम्ही माझ्या उघड्या हाताकडे पाहिलंत, आणि तुम्हालाही हसू आलं. इतकं, की बादली खाली ठेवावी लागली.

त्या संध्याकाळी तुम्ही दार उघडं टाकून पायरीवर बसलात. बोटांना तेल चोळलंत आणि राहिलेली बाही विणायला घेतलीत. त्याच वेळी ते काका आले. "पुन्हा सुरू का, भाऊ?"

"हो. माह्या बापानं जन्मभर मागावर लुगडी विणली. त्याले कोणी हासलं नाही."

"लुगड्याची गोष्ट अलग आहे," काका म्हणाले आणि हसत हसत गेले. तुम्ही विणत राहिलात. येणाऱ्या-जाणाऱ्याकडे लक्ष लागलं होतं म्हणून असेल, पण ती बाही पहिलीपेक्षा चांगली चार बोटं लांब झाली. मी ती दुमडून दोन हिवाळे वापरली.

काका नंतर समजूतदार झाले, असं काही घडलं नाही. ते रिटायर होईपर्यंत हसत राहिले, आणि तुम्ही मफलर, टोपरी, मोजे विणत राहिलात. पुढे खुर्सीपारच्या वस्तीत राहायला गेलो तरी तुम्ही पायरीवरच बसायचात. मी एकदा विचारलं होतं, तुम्हाला राग नाही येत? "येते ना," तुम्ही म्हणालात. "पण तो हासल्यानं माहा टाका तं सुटत नाही." एवढं बोलून तुम्ही टाके मोजायला लागलात, कारण माझ्या प्रश्नामुळे मोजणी चुकली होती.

आता हे सगळं का लिहिते आहे ते सांगते. या उन्हाळ्यात मी पोहायला शिकते आहे. गुडघ्यांसाठी चांगलं, असं डॉक्टर म्हणाले, पण खरं म्हणजे मला लहानपणापासून शिकायचंच होतं. तलावावर सगळी मुलं-मुली. पहिल्या दिवशी मी कठड्याला धरून नुसती उभी राहिले, तेव्हा दोन पोरी खुसखुसल्या. आज मी कठडा सोडला. नाकातोंडात पाणी गेलं, पण पाय वर आले, बाबा, आणि क्षणभर खाली काहीच नव्हतं. त्या पोरींनी टाळ्या वाजवल्या, का हसल्या, कानात पाणी असल्यामुळे कळलं नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणूनच लिहिता आलं. पोहण्याचं सुनेला अजून सांगितलेलं नाही. सकाळी फिरायला जाते, असं म्हणते, आणि ओल्या केसांसाठी रोज नवीन कारण शोधते. पोहण्याचा पोशाख उद्यापासून बाहेर दोरीवर वाळत घालीन म्हणते. आज मात्र तो न्हाणीघरात, दाराच्या मागेच टांगलाय.