आमच्या घरातली कंबर

२ नोव्हेंबर

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

माझं आयुष्य काल सकाळी बदललं. एका मुलीने मामाच्या उजव्या हातातली काठी काढून डाव्या हातात दिली, त्या क्षणी. लगेच डोक्याला हात लावू नकोस, मी क्रमाने सांगतो. फोनवर आपलं दुसऱ्याच वाक्याला वाजतं म्हणून पत्र लिहीत जा, हा तुझाच हुकूम आहे. तेव्हा आता शेवटपर्यंत वाच.

मामाची कंबर तुला माहीत आहेच. गेलं वर्षभर रुंद पट्टा, गरम पाण्याची पिशवी आणि झोपायला गादीऐवजी स्वतः रंधा मारलेली सागवानी फळी. सुतारच तो, दुसरं काय सुचणार. एवढं करूनही सकाळी मोजा चढवताना असा चेहरा करतो, की दात मीच आवळतो. शेवटी जवळजवळ उचलूनच त्याला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी एक्स-रे पाहून सांगितलं, की मूळ दुखणं कमरेत नाहीच, उजवा खुबा पार झिजलाय. मांडी जिथे वर जोडलेली असते तो सांधा. त्याला जपत मामा एका अंगाने कलून चालतो, आणि त्या कलण्यापायी कंबर धरते. खुबा बदलावा लागेल, असं म्हणून त्यांनी एकवीस तारीखही दिली.

मामा शांतपणे म्हणाला, की मी कंबर दुखते म्हणून आलोय, खुब्याची तक्रार केलेलीच नाही. गिऱ्हाइकाने खिडकी सांगितली आणि मी दार करून नेलं तर चालेल का, असंही त्यांना विचारलं. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

ऑपरेशनपर्यंत कंबर कशी सांभाळायची ते शिकायला त्यांनी आम्हाला खाली व्यायामाच्या खोलीत पाठवलं. तिथे ती होती. फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला आहे, बोलते मोजकं. आधी तिने काठीचा हात बदलला. काठी दुखऱ्या पायाच्या उलट हातात धरायची, म्हणजे माणूस कलत नाही. मग सांगितलं, की कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी घ्या, खुर्ची उंच करा, बुटकं स्टूल बंद, आणि एका जागी फार वेळ न थांबता थोडं थोडं चालत राहा. फळीचं ऐकून ती हसली. आई, त्या हसण्याबद्दल मी वेगळं पत्र लिहीन.

घरी येताच मी त्या फळीचे करवतीने तुकडे केले. मामा अजून माझ्याशी बोलत नाहीये.

फोनवरच्यापेक्षा पुष्कळ शहाणा,
तुझा भडक्या


६ नोव्हेंबर

चि. भडक्यास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. पत्र मामाच्या खुब्याबद्दल आहे हे मी दोनदा वाचून नक्की करून घेतलं. ते हसण्याबद्दलचं वेगळं पत्र पाठवायची घाई नाही.

दादाला हसू नकोस. चूक त्याच्या एकट्याची नाही. आमच्या घरात बरगड्या संपल्या की गुडघा येईपर्यंत जे जे दुखेल, ती कंबरच. तुझ्या आजीच्या मांडीत चमक आली तरी ती कंबर गेली म्हणून बसायची. काल मी आमच्या शास्त्राच्या बाईंना खुबा नेमका कुठे असतो ते विचारलं, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांदेखत मी भलत्याच जागी हात ठेवून उभी होते. एवढी वर्षं पोरांना शिकवतेय, आणि माझ्याच अंगाचा पत्ता मला माहीत नाही.

त्याची भीती मला कळते. भलतीकडे कापलं आणि कंबर तशीच राहिली, तर रंध्याशी उभं कसं राहायचं आणि दुकान कुणी चालवायचं, ही. वहिनी गेल्यापासून त्याला त्या दुकानाखेरीज दुसरं आहे काय? पण ते तो बोलणार नाही, तुझ्यावर ओरडेल. तू उलट ओरडू नकोस. कॉलेज अर्ध्यावर टाकलंस आणि वडील बोलले म्हणून दार आपटून दादाकडे राहायला गेलास, त्या वेळी चौकटीशेजारी गिलाव्याला गेलेली चीर अजून तशीच आहे. तूच येऊन बुजवशील म्हणून ठेवलीय. तू बाहेर पडलास हे मला कधी बघावं लागलंच नाही, स्वयंपाकघरातच ऐकू यायचं.

फळीचे तुकडे फेकू नकोस. खुर्ची उंच करायची आहे ना? परीक्षा संपल्या की मी येतेच. तोवर त्याला एकवीस तारखेला तिथे पोचवणं तुझ्याकडे.

दारं आपटणाऱ्या माझ्या पोरावर माझी माया आहेच,
आई


१३ नोव्हेंबर

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं ऐकून फळीच्या तुकड्यांचे ठोकळे केले. खुर्चीचा पाय आत बसेल आणि सरकणार नाही अशी प्रत्येकात खोल खाच पाडली. मामा उंच खुर्चीवर बसला, टेबलाचा आधार न घेता उठला, परत बसला, आणि तोंड उघडून पहिलं वाक्य बोलला, की एक खाच वाकडी आहे. म्हणजे अबोला सुटला असं मी धरलं.

काठीवरून रोज वाद. म्हणतो, की जन्मापासून मी उजव्या हाताचा माणूस, आता म्हातारपणी कशाला डावरा होऊ. पण मी मागे लागलो. उशीही घेतो, तिला शिव्या घालत. आणि आई, फरक पडला. परवा संध्याकाळी कमरेचा पट्टा खुंटीवर होता आणि मामा दुकानात शीळ घालत होता. मी खूश होऊन तिला कळवलं. तिने मला तिचा नंबर दिलाय. व्यायामाची चित्रं पाठवण्यासाठी, पण दिलाय तर खरा. तिचं उत्तर आलं, की छान. एवढंच. मी ते बऱ्याचदा वाचलं.

आणि त्याच रात्री जेवताना मामा म्हणाला, की कंबर सुधारतेय, तर डॉक्टरांना फोन करून एकवीस तारीख रद्द कर. मी समजावलं, की दुखणं नुसतं दबलंय, खुबा झिजलेला तो झिजलेलाच. त्याने ऐकलंसुद्धा नाही. तू सांगितलेलं सगळं मला आठवत होतं, तरी मी उठलो आणि दुकानाचं दार आपटलं. आम्ही दुकानाच्या मागच्याच खोलीत राहतो, म्हणजे घराचं दारही तेच. वरच्या बिजागरीचे स्क्रू चौकटीतून उपटून आले.

सकाळी दार फरशीवर घासायला लागलं. मी ते नीट करत होतो, तर मामा खुर्चीतून माझ्यावर ओरडला, तेही रस्त्यावर गिऱ्हाईक उभं असताना. मग मीही एक वाक्य बोललो. काय ते इथे लिहीत नाही. तेव्हापासून तो गप्प आहे. हा अबोला फळीच्या वेळेसारखा नाही. तेव्हा तो भांडी आपटत होता, आता आवाजच नाही. तू त्याला लिही. तारीख जवळ आलीय आणि मी सगळं बिघडवून ठेवलंय.

या वेळी जरा जास्त माया पाठव, गरज आहे,
तुझा भडक्या


१५ नोव्हेंबर

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र यायच्या आतच लिहितो, कारण तुझ्या चिरंजीवांनी तुला कळवलं असणारच.

झालं असं, की दार खाली घासत होतं आणि आमचे अर्धे इंजिनियर दाराची खालची कड रंध्याने तासत बसले होते. मी ओरडलो, की गाढवा, घासतंय खाली पण दोष वर बिजागरीत आहे, तू कितीही तासलंस तरी दार लोंबतच राहणार. त्याने रंधा खाली ठेवला आणि मला विचारलं, की मग तू वर्षभर काय तासत बसला होतास. एवढं बोलून तो तरातरा निघाला. दार आपटायचं त्याच्या फार मनात होतं, पण ते जागचं हलेना. हसू आलं असतं, पण मला काही हसता आलं नाही.

मी खरोखरच जिथे घासतं तिथेच तासत होतो. पट्टा काय, फळी काय.

काल तो लाकूड आणायला गेला तेव्हा मी एकटा डॉक्टरांकडे जाऊन आलो. काठी डाव्या हातात. त्यांना सरळ विचारलं, की खुबा बदलल्यावर कंबर थांबेल का. ते म्हणाले, की चाल सरळ झाली की कमरेवरचा ताण उतरेल, बराच आराम पडायला हवा. पण पाठीचे मणकेही वयाचे झालेत, थोडं दुखणं राहूही शकतं, शब्द देत नाही. खात्री दिली असती तर मी उठून आलो असतो. काम बघायच्या आधी खात्री देणारा सुतारही मी दुकानात ठेवत नाही.

तारीख रद्द केलेली नाही. त्याला मात्र अजून सांगितलं नाही. आधी बिजागरी नीट बसवू दे, मग सांगेन.

उंच केलेल्या खुर्चीचं मी सांगितलं, तर व्यायामाच्या खोलीतली ती मुलगी विचारत होती, की खुर्चीखालचे ठोकळे कोणी केले, बाकीच्या पेशंटांसाठी करून मिळतील का. मी म्हटलं, की करणाऱ्याचं डोकं तापट आहे, पण खाचा सरळ पाडतो. खोटं बोललो. एक वाकडी आहे.

तू परीक्षा संपवूनच ये. इथे माणूस आहे माझ्याजवळ,
दादा


२१ नोव्हेंबर, सकाळ

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

दोनच मिनिटं आहेत. मामा टॅक्सीत पुढच्या सीटवर बसलाय, सीट मागे सरकवून, खाली उशी घेऊन. पट्टा घरीच ठेवलाय. काठी कुठल्या हातात, ते तू विचारू नकोस, मी बघितलंय.

काल शेवटचा स्क्रू पिळला तेव्हा त्याने सांगितलं, की उद्या लवकर उठायचं आहे. मी म्हटलं कशाला, तर म्हणाला, बिजागरी बदलायला. मी स्क्रू परत एकदा घट्ट केला. रात्री उशिरा विचारलं, की भीती वाटते का. म्हणाला, वाटते, पण आता नेमकी कुठे वाटते ते तरी माहीत आहे.

ठोकळ्यांची पिशवी बरोबर घेतलीय, तिच्या पेशंटांसाठी. मामाची ताकीद आहे, की ठोकळे द्यायचे, खाच कशी बसते ते दाखवायचं आणि बाकी तोंड बंद ठेवायचं. पहिल्या दोन गोष्टी नक्की करीन. तू आलीस की कॉलेजचंही बोलू. बसून बोलू. आणि तिकडच्या चिरेसाठी गिलावा मी घरी येताना घेऊन येईन.

वरची बिजागरी नव्या जागी, लांब स्क्रूवर बसवलीय. खाली मी जे तासून ठेवलं तिथे थोडी फट राहिली, तेवढी राहणार. पण दार आता एका बोटाने लागतं. मामा टॅक्सीतून काच खाली करून बघतोय, मी कसं लावतो ते.

निघालो. बाहेर पडतो आणि दार लावून घेतो. आवाज येणार नाही, म्हणून लिहून कळवलं.

तुझा
भडक्या