हिरव्या दिव्यामागची वायर

बापू, गोडादऱ्यातल्या एका घरात, भिंतीतल्या सॉकेटच्या आत, मी तेच केलं ज्यासाठी तुम्ही मला आयुष्यात एकदाच मारलं होतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण हे सांगायला, ज्याला अर्ध्या वाक्यात कळेल असा दुसरा माणूस मला सापडला नाही. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणेल, झालं ना सगळं ठीक, सोड आता. आईला सांगितलं तर ती देवापाशी साखर ठेवेल. तुम्ही चिडाल हे मला माहीत आहे. पण आता उठून निघून जाणं तुमच्या हातात नाही, तेव्हा पूर्ण ऐका.

मी हल्ली गाण्याच्या मशीन विकणाऱ्या दुकानात आहे. घरोघर जाऊन अॅम्प्लिफायर, स्पीकर बसवून देणं हे माझं काम. त्यातच पॉवर कंडिशनर नावाची एक वस्तू येते, ती तुमच्या वेळी आपल्या लिंबायतमध्ये कोणी ऐकलीसुद्धा नव्हती. जड काळी पेटी. भिंतीतली वीज आधी तिच्यात जाते, तिथे म्हणे स्वच्छ होते, आणि मग अॅम्प्लिफायरला मिळते. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "वीज काय भाजी शे का, धुईसन वापराले?" दुकानात आम्ही ती कशी विकतो तेही सांगते. एकच गाणं दोनदा वाजवायचं, एकदा पेटीशिवाय, एकदा पेटी लावून, आणि दुसऱ्या वेळी आवाज केसभर वाढवून ठेवायचा. गिऱ्हाईक डोळे मिटून म्हणतं, हां, आता खुललं. हे मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं गेलं आणि मी पहिल्याच आठवड्यात शिकले.

गोडादऱ्याचं गिऱ्हाईक म्हणजे एक म्हातारे काका, धुळ्याकडचे. उभी हयात खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात गेली, आणि सगळ्या खातेवाल्यांचं होतं तेच त्यांचं झालं, कान गेले. मुलाने परदेशातून चांगला अॅम्प्लिफायर पाठवला. काका तो कसा ऐकतात ते सांगते, बापू. एक हात स्पीकरच्या लाकडावर, दुसरा अॅम्प्लिफायरच्या पत्र्यावर, तळवा पूर्ण टेकवून. कानाला जे पोहोचत नाही ते हाताने घेतात. तुम्ही अगदी असेच बसायचात, फक्त तुमचा अॅम्प्लिफायर तुम्ही स्वतः जोडलेला होता आणि त्याचं झाकण तेवढं लाकडी होतं.

त्यांच्या खोलीखालीच एक खातं आहे. माग सुरू झाले की स्पीकरमधून घरघर यायची, आणि पत्र्याला हात लावला की बोटांना झिणझिण्या. काकांना घरघर ऐकू येत नसे, पण हाताला कळे. काकू वैतागल्या होत्या. मी ऐटीत सांगितलं, कंडिशनर लावा, जाईल. पेटी नेली, लावली. घरघर जशीच्या तशी. झिणझिण्या उलट वाढल्या. आणि पेटीवरचा लाल दिवा लागला, म्हणजे या घराला अर्थिंगच नाही. सॉकेटला तिसरं भोक होतं, त्यामागे वायर नव्हती. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय. करायला हवं ते मला ठाऊक होतं. खालच्या बोळात खड्डा, कोळसा, मीठ, पट्टी, तिथून वायर वर. त्याला घरमालकाची परवानगी लागते, एक अख्खा दिवस लागतो. आणि माझ्या नावावर त्या दिवशी अजून तीन घरं होती. काका माझ्या तोंडाकडे पाहत बसलेले. मी सॉकेट उघडलं, बोटभर वायर घेतली आणि न्यूट्रलवरून, म्हणजे वीज परत नेणाऱ्या वायरवरून, अर्थिंगच्या भोकाला जोडली. दिवा हिरवा. घरघर गेली, झिणझिण्या गेल्या. काकांनी दोन्ही हात टेकवले आणि ते हसले. "मशीन भारी शे, पोरी," म्हणाले. काकूंनी शेजारणीला बोलावून हिरवा दिवा दाखवला. मी चहा पिऊन निघाले.

आता तो दिवस. मी दहावीत आहे, आपली लिंबायतची खोली, आई कळण्याची भाकरी थापते आहे. तुमच्या अॅम्प्लिफायरची घरघर मी दुपारी बंद केलेली आहे, अशाच बोटभर वायरने, आणि कधी एकदा तुम्ही येता असं मला झालेलं आहे. तुम्ही आलात, गाणं लावलंत, ऐकलंत. मग पेचकस घेऊन सॉकेट उघडलंत. मी शाबासकीची वाट पाहत होते, आणि मुस्काटात बसली. आई पिठाच्या हातांनी मध्ये आली. तुम्ही तिला नाही, मलाच म्हणालात, "घरघर गयी म्हनजे रोग गया अस नही." मग खाली बसून जमिनीवर बोटाने रेघा ओढून दाखवलंत. बाहेर खांबावर न्यूट्रल तुटली, नुसती ढिली झाली, की घरातल्या पंख्यातून, दिव्यातून वीज परत त्याच वायरवर येऊन थांबते. आणि ती वायर तू पत्र्याला बांधून ठेवलीस. खात्यात एक माणूस असाच मागाला चिकटलेला तुम्ही पाहिला होतात. त्याला ओढायला गेलेलाही. तुम्ही जेवला नाहीत त्या रात्री. दुसऱ्या दिवशी वीज तपासायचा तुमचा टेस्ट लॅम्प माझ्या दप्तरावर ठेवलेला होता, वायरला नवी चिकटपट्टी गुंडाळून.

गेल्या मंगळवारी दुपारी दुकानात काकूंचा फोन. पाठीमागे गाणं चालू. सहज बोलाव्यात तशा बोलत होत्या, "पोरी, आज दिवा कमी-जास्ती व्हई राहिना. पंखा बी लई जोरमा फिरस, मंग हळू व्हस. मशीनले काही व्हनार नही ना?" दिवा असा वरखाली होतो तेव्हा काय झालेलं असतं ते मला तुम्ही बोटाने रेघा ओढून शिकवलेलं आहे. न्यूट्रल सुटत होती. मी विचारलं, काका कुठे आहेत?

"ते तर बठेल शेतस, ऐकी राहिनात."

म्हणजे तळवा पत्र्यावर. मी म्हटलं, काकू, त्यांना हाक मारा, हात उचला म्हणावं. त्या म्हणाल्या, "त्यास्ले ऐकू येस का? थांब, हलाडस त्यास्ले." मी दुकानात किंचाळले, नका, त्यांना हात लावू नका. शेजारच्या काउंटरवरची माणसं वळून बघायला लागली. मशीनचा खटका दाबायला सांगावं तर तोही त्याच पत्र्यावर. राहिला मेन स्वीच, दाराच्या वर. काकू बुटक्या, त्यांचा हात पोहोचत नाही, आणि पोहोचला असता तरी त्या लोखंडी डब्यावर मला तो नको होता. मी विचारलं, लाटणं कुठे आहे? त्यांना वाटलं मी वेडी झाले. "लाटनं? आते?" मी म्हटलं, कोरडं लाटणं घ्या, दाराशी स्टूल ठेवा, चढा, आणि वरच्या डब्यातला मोठा खटका लाटण्याने खाली पाडा. काही विचारू नका. फोन त्यांनी कुठेतरी ठेवला. मला स्टूल ओढल्याचा आवाज आला. गाणं चालूच होतं, मध्येच मोठं व्हायचं, मध्येच बसायचं. गाणं चालू आहे म्हणजे माणूस ऐकतो आहे असं थोडंच असतं. मी काउंटरची कड धरून उभी होते आणि मला गाण्यातला एक शब्द कळत नव्हता. लाटणं डब्याच्या पत्र्यावर आपटलं, एकदा, दोनदा. चुकत होत्या. तिसऱ्यांदा गाणं बंद पडलं.

मग काहीच नाही. काकूंचा आवाज नाही, काकांचा नाही. खालचे माग मात्र ऐकू येत होते.

आणि मग काकांचा आवाज, बहिरा माणूस बोलतो तसा मोठा, "लायट गयी का वं?"

मी दुकानाबाहेर पळाले. रिक्षाने गोडादऱ्याला पोहोचले. मीटरजवळची न्यूट्रल काळी पडून सुटत आली होती, एका धाग्यावर टिकलेली. तेवढा धागा होता म्हणून काका होते. ती नीट जोडून मी सॉकेट उघडलं, माझी बोटभर वायर काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली. पेटीवर पुन्हा लाल दिवा लागेल, तो खरा आहे, आणि हिरवा खोटा होता, हे त्यांना मोठ्याने, तीनदा सांगावं लागलं. तळमजल्यावरच्या लोकांनीही ऐकलं असणार. काकांनी वायर बोटांत फिरवून पाहिली. मग त्यांनी विचारलं, "मंग हाई मशीन काय करस?"

गिऱ्हाईक हा प्रश्न विचारतं तेव्हा माझ्याकडे दहा वाक्यं तयार असतात. त्यांना मी खरं सांगितलं. थोडं करते. मागांच्या मोटारीची खडखड जराशी अडवते. विजेचा झटका आला तर आधी ती जळते, तुमचा अॅम्प्लिफायर वाचतो. पण तुमच्या मशीनमध्येही वीज गाळायची सोय असते, तेव्हा कानाला फरक फार नाही. आणि जमिनीत उतरणारी वायर, म्हणजे अर्थिंग, नसेल त्या घरात ही पेटी घेण्यात काही अर्थ नाही. आधी जमीन, मग परवडलं तर पेटी. काका म्हणाले, "हाई पयले सांगनं व्हतं." एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं.

खात्याला सुट्टी होती त्या दिवशी खड्डा खणला. कोळसा टाकला, मीठ टाकलं, काकूंनी वरून बादलीभर पाणी ओतलं. तुमचा टेस्ट लॅम्प फेज आणि नव्या अर्थिंगमध्ये धरला तर तो भक्क पेटला, म्हणजे अर्थिंग पक्कं. तरी पत्र्याला आधी मी हात लावला, तुम्ही लावायचात तसा, बोटांची मागची बाजू. मग काकांनी तळवा टेकवला. पेटी मी दुकानात परत आणली. घरघर अजून थोडी आहे. काका म्हणाले, राहू दे, इतक्या वर्षांची सवय आहे.

हे पत्र टाकणार कुठे. टेस्ट लॅम्पच्या डब्यात राहील. पण एक गोष्ट राहिली. काकांनी विचारलं होतं, अशी कशी जोडलीस वं? मी म्हटलं, चुकून झालं. त्यांनी मान डोलावली, माफ करून टाकलं. चुकून नव्हतं, बापू. स्क्रू आवळताना गालावर तुमचा हात आठवला होता मला, स्पष्ट. तरी मी तो शेवटपर्यंत आवळला.