निळी बाजू बाहेर

भडगाव
११ डिसेंबर २०२४

चि. किरण,

अनेक आशीर्वाद. फोनवर म्हणालीस तसं कागदावर लिहून पाठवते आहे. इकडचं विचारशील तर सगळं ठीक. म्हणजे जे बिघडलेलं होतं ते आपापल्या जागी बिघडलेलंच आहे. माझ्या शिवणक्लासात सध्या सात मुली आहेत. पाच लग्न ठरेपर्यंतच्या आणि दोन लग्न मोडल्यानंतरच्या. शिकतात त्या दोघीच.

भागाबाईचं तू सांगितलंस. पाणी मागते, तुला ओळखते, एवढं आत्ता पुष्कळ आहे. धुळ्याच्या जळीत वॉर्डात दुपारी तासभरच भेटू देतात आणि बाकीचा दिवस आत्याच्या घरी डोकं फिरतं, म्हणून आत्याचं बंद पडलेलं मशीन पुसून तू आईसाठी दोन बाजूंचा ॲप्रन शिवायला बसणार आहेस. आई बरी होऊन शाळेत खिचडी शिजवायला पुन्हा उभी राहील तेव्हा अंगावर नवा असावा, म्हणालीस. असावा. तर ऐक.

आधी जुन्या वर्तमानपत्रावर आकार काढ. वर्तमानपत्राचा हा एकच उपयोग अजून शंका न घेता करता येतो. लांबी तीस इंच, रुंदी सव्वीस. कागद उभा दुमड आणि वरच्या कोपऱ्यातून मुंढ्याचा गोल काप: आत सात इंच, खाली दहा. उघडलास की बिनहाताच्या माणसासारखा दिसेल.

त्यावरून दोन कापडं बेत. एक फुलाफुलाचं, एक साधं. दोन्ही सुतीच घे. दुकानदार म्हणेल, एका बाजूला हे घ्या, चमक आहे, इस्त्री लागत नाही. त्याला सांग, चमक तुमच्या बायकोला शिवा. दोन्ही सुती, किरण. आणि कापायच्या आधी भिजवून वाळव, नाहीतर पहिल्या धुण्यात एक बाजू आटते आणि दुसरी फुगते.

नाड्या चार. दोन कमरेच्या, दोन गळ्याच्या. गळ्याची सलग शिवू नकोस, मानेमागे बांधायची ठेव. आणि बांधताना अशी गाठ मार की एक टोक ओढलं की सुटेल.

आता दोन्ही कापडं सुलट्याला सुलटं लावून ठेव, म्हणजे तुला दोन्हींची उलटी बाजू दिसेल. नाड्या आत, कापडांच्या मध्ये. टोकं तेवढी कडेशी. नवशिक्या बायका इथेच चुकतात. तुझी आई क्लासात आली तेव्हा तिने कमरेच्या नाड्या बाहेर ठेवून शिवल्या. पालटल्यावर दोन्ही पोटात. चहूकडून फिरवून बघते आणि विचारते, "ताई, नाड्या कोठे गयात वं? उंदीरनी खाद्यात का?" त्या दिवशी पुढचा धडा झालाच नाही. हसण्यातच वेळ गेला.

कडेपासून अर्धा इंच सोडून सगळीकडून टीप मार. खालच्या कडेला फक्त चार बोटं मोकळी ठेव. मुंढ्याच्या गोलाला कातरीने बारीक छेद दे, टीप न तोडता. मग त्या चार बोटांच्या फटीतून आख्खा ॲप्रन बाहेर ओढून घे, कोपरे पेन्सिलीने काढ, इस्त्री कर, फट आत दुमड आणि कडेकडेने वरून एक टीप. झालं. एक बाजू मळली की पालटायचा.

चौकशीचं विचारलंस. मुख्याध्यापक जीवराम सर म्हणतात, कागद रीतसर गेलेत. पदर पेटला, असं त्यात आहे. एवढ्या मोठ्या शेगडीपाशी पदर खोचून घ्यावाच लागतो. तू सध्या त्यात डोकं घालू नकोस, आईकडे बघ.

मी भेटायला निघणारच होते, पण गुडघा धरलाय. एस.टी.ची पायरी चढवत नाही.

तुझी
दिपमाला मावशी


भडगाव
३० डिसेंबर २०२४

किरण,

आशीर्वाद लिहिला होता, खोडला. तुला खाडाखोड दिसेल.

भागाबाई सोळा तारखेला गेली. तिला गावी आणलंत तेव्हा मी आले होते. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी पोचले, तर दारासमोर जीवराम सर आधीच बसलेले. खांद्यावर रुमाल, चेहरा असा की या दुःखाचं हजेरीपत्रकही तेच भरणार. मी तिथूनच परतले. माझा गुडघा ठणठणीत आहे. तो कधी धरलाच नव्हता.

तुझं पत्र परवा मिळालं. आई गेल्यावर चौथ्या दिवशी ॲप्रन पुरा केलास, असं लिहिलंयस. एका मुंढ्याला चुणी आली. येते पहिल्या खेपेला. पण त्यापुढचं मी इतक्या वेळा वाचलंय की तुलाच परत लिहून दाखवते:

"मावशी, दोन्ही कापडं सुतीच घे, असं तुम्ही दोनदा का लिहिलं? डॉक्टरांनी आईच्या पोटावरून काढलेलं निळं काहीतरी मला कागदात बांधून दिलंय. ते कापडासारखं नाही, बादली वितळून वाळावी तसं आहे. चौकशीच्या कागदात लिहिलंय की आईने ॲप्रन घातलाच नव्हता, तिच्याच निष्काळजीपणाने झालं. तो शब्द मला आईच्या नावापुढे नको आहे. सहा जानेवारीला मला तालुक्याला बोलावलंय. तुम्ही तिथे होता. घातला होता की नव्हता, एवढंच सांगा."

तू त्या दिवशी कॉलेजात होतीस, थेट धुळ्याच्या दवाखान्यात पोचलीस. तोवर जे काढता येण्यासारखं होतं ते काढून झालं होतं. आणि पुष्पाबाई तिच्या शेजारी शिजवत होती खरी, पण तिला कामावर ठेवायचं की नाही हे सर ठरवतात. म्हणजे उरले मी.

सांगते. पण सुरुवातीपासून सांगू दे.

मागच्या वर्षी शाळेच्या स्वयंपाकी बायकांचे ॲप्रन शिवायचं काम आमच्या बचत गटाला मिळालं. तालुक्याच्या साहेबांचं म्हणणं, पाहणीला आलो की सगळ्या एकसारख्या दिसल्या पाहिजेत आणि छातीवर पोषण आहार योजनेचं नाव पाहिजे. बायकांचं म्हणणं, हळदीतेलात त्या नावाचं दोन दिवसांत पोतेरं होईल. दोघांना खूष करायची अक्कल माझी. दोन बाजूंचा ॲप्रन! एक बाजू रोजची, फुलाफुलाची, सुती. दुसरी पाहणीची, निळी. साहेबांची गाडी दिसली की पालटायचा. आपल्याकडे प्रत्येक गोष्टीला पाहणीची एक बाजू असतेच. मी फक्त तिला नाड्या लावल्या. हे वाक्य मी तेव्हा चार ठिकाणी ऐकवलं. चारही ठिकाणी लोक हसले.

छापणारा म्हणाला, सुतीवर हा छाप धरत नाही, पॉलिस्टर आणा. मी वीस वर्षं कापड हाताळते. नाडीचं टोक उसवू नये म्हणून मेणबत्तीवर धरून वितळवायचं, हे मीच मुलींना शिकवते. पॉलिस्टर आगीपाशी काय करतं ते मला कोणी सांगायला नको होतं. तरी मी हो म्हणाले. कारण योजनेच्या नावाखाली आमच्या गटाचं नाव येणार होतं, आणि गटाच्या नावाखाली 'अध्यक्षा' म्हणून माझं.

तुझ्या आईला ते कळलं होतं. पहिल्या पाहणीनंतर ती माझ्याकडे आली.

"ताई, हाई निळं शेगडीपुढे तापस वं. अंगले चटका लागस."

मी म्हणाले, "भागाबाई, साहेब वर्षातून दोनदा येतात. तेवढा चटका तर तुला सासूनेही दिला असेल."

क्लास हसला. तीही हसली आणि निघून गेली. मला वाटलं, विषय संपला. माझ्या तोंडाने असे पुष्कळ विषय संपवलेत.

एकोणतीस नोव्हेंबरला पाहणी अकराची होती. वाट बघून बायकांनी पुन्हा फुलं बाहेर घेतली आणि साहेब आले साडेबाराला, खिचडी शेगडीवर असताना. मी पण होते. अध्यक्षाबाई पाहणीला नको का? जीवराम सर व्हरांड्यातून धावत आले. "निळी बाजू! निळी बाजू बाहेर!" पुष्पाबाईने झटकन पालटला. तुझ्या आईच्या हातात डाव होता. ती म्हणाली, "सर, खिचडी लागी जाई."

"लागू द्या! साहेबांना फुलं दाखवायची आहेत का?"

मग मीच पुढे झाले. मागून तिचा ॲप्रन सोडला, डोक्यातून काढला, पालटला, पुन्हा घातला. ती ढवळतच होती. नाडी सैल राहिली तर छातीवरचं नाव तिरकं दिसत होतं, म्हणून मी दुहेरी गाठ मारून आवळली. ती म्हणाली, "हाळू वं ताई." मी म्हणाले, "उभी राहा सरळ."

साहेब दारात येऊन उभे राहिले तेव्हा ती पातेल्यावर वाकली होती. खालची कड ज्योतीला लागली. सुती कापड पेटलं तर झटकता येतं, चुरगाळून विझवता येतं. हे पेटलं आणि तिच्या अंगावर गळायला लागलं. पुष्पाबाईने हंडा ओतला. मी गाठ सोडत होते. माझीच गाठ, मला सुटेना. कातर माझ्या पिशवीत होती आणि पिशवी सरांच्या खोलीत. गळ्याची नाडी सलग शिवलेली, कारण दुकानात तशी छान दिसते. डोक्यातून ओढून काढायचा तर जळतं कापड चेहऱ्यावरून न्यावं लागलं असतं. मी ओढायला गेले तर तिने माझं मनगट धरलं. "तोंड नको वं. पोर घाबरी जाई."

ती तुझ्याबद्दल बोलत होती.

साहेबांच्या अहवालात 'सदर अपघात पाहणी आटोपल्यानंतर घडला' असं आहे. ते डोळ्यांनी बघत होते, पण पाहणी आटोपली होती.

गाडी धुळ्याकडे निघाली आणि तासाभरात सरांच्या खोलीत कागद तयार होता. मी विचारलं, "यात ॲप्रन नव्हता असं का लिहिलंय?"

"मॅडम, होता म्हटलं तर कापड कोणतं विचारतील. मग कोणी निवडलं ते विचारतील. छातीवर नाव तुमचं आहे, माझं नाही."

"आणि भागाबाई?"

"ती बरी होऊन येईल की. आपण आहोत ना, सांभाळून घेऊ."

मी त्यांच्या अक्षरावर एक टोमणा मारला. खरंच मारला, किरण. ते हसले. मग मी सही केली. पुष्पाबाईला अंगठ्यासाठी बोलावलं तेव्हा ती माझ्याकडे बघत म्हणाली, "ताई, घालेल व्हता ना वं?" मी म्हणाले, "तू जा, खिचडीचं बघ." खिचडी केव्हाच कोळसा झाली होती. तिने अंगठा दिला आणि गेली.

निघताना मी स्वयंपाकघरातून उरलेले ॲप्रन पिशवीत भरून घरी आणले. पुष्पाबाईच्या अंगावरचा धरून चार. ते चारही या पत्रासोबत पार्सल केलेत. डॉक्टरांनी दिलेला तुकडा त्यांच्या शेजारी ठेव. रंग जुळेल, छापही जुळेल. एकाची कड कापून सरळ साहेबांच्या टेबलावर पेटवून दाखव. ताटली खाली धर, टेबल सरकारी असतं.

सहा तारखेला मलाही बोलावलंय. येईन. पण तू माझ्यावर विसंबू नकोस. मी मला ओळखते. समोर साहेब, शेजारी सर, कोणी खुर्ची पुढे केली, चहा आला, की माझ्या तोंडून काहीतरी बेतशीर निघेल, सगळे हसतील, आणि भागाबाई पुन्हा निष्काळजी ठरेल. म्हणून बोलायच्या आधी लिहून देते आहे. या पत्राच्या तीन झेरॉक्स काढ. मूळ प्रत कोणाच्या हातात देऊ नकोस. सरांच्या नाही, साहेबांच्या नाही, माझ्या तर नाहीच. मी मागायला आले, रडले, तुझ्या आईची शपथ घातली, तरी देऊ नकोस.

माफी मागत नाही. मागितली तर तुला हो किंवा नाही म्हणावं लागेल. तुझ्यावर आत्ता तेवढंही काम टाकायची माझी लायकी नाही.

मावशी म्हणून सही केली तर तालुक्याला ती कोणी विचारणार नाही. म्हणून पुरं नाव लिहिते.

होता. भागाबाईच्या अंगावर ॲप्रन होता. कापड मी निवडलं, तो मी शिवला आणि त्या दिवशी मीच बांधला. एकोणतीस नोव्हेंबरच्या कागदावर मी खोटी सही केली. ही खरी आहे.

दिपमाला धनसिंग पाटील
राहणार भडगाव