दुमडलेल्या चिंध्या

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

झगा पोचला. पण ताई, मी मढ्याचा झगा मागितला होता, जळका, लक्तरं लोंबणारा. तू तर एकेक लक्तर दुमडून शिवलंस! आमच्या मेटल बँडचा ड्रमवाला म्हणाला, हे मढं नोकरीच्या मुलाखतीला निघालंय. स्टेजवर तोंडाला पांढरं फासायचं, डोळ्यांभोवती काळं, गळ्यात हाडं, घसा फाटेस्तोवर किंचाळायचं आणि खाली गणवेशाची शिलाई? हसून हसून पुरेवाट झाली. शेवटी सगळी उसवून टाकली. रागावू नकोस.

बाबांची तब्येत कळव. मी विचारलं हे मात्र सांगू नकोस, उगाच चिडतील.

लोभ आहे तेवढा पुरे, कमी करू नकोस.
तुझा धाकटा

११ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

रागावले नाही. पण ती शिलाई बाबांची होती. जिवंतपणी मढ्याचं सोंग घेणाऱ्याचं तोंड बघणार नाही म्हणून तुला घराबाहेर काढणाऱ्या बाबांची. मी कापड फाडत होते, तर पलंगावरून उठून मशीनपाशी आले. म्हणाले, दोरे पायात अडकून स्टेजवर पडेल गाढव. जन्मभर शिवणकाम केलेले हात, आता सुईत दोरा मलाच ओवून द्यावा लागला. तरी एकही लक्तर सोडलं नाही.

त्यानंतर ते उठलेले नाहीत. डॉक्टरांनी आशा सोडली आहे. झगा बसला का, एवढंच रोज विचारतात आणि मी बसला म्हणते. त्यांना तुला त्यात बघायचंय. तोंड रंगवून, सगळं सोंग घेऊन ये.

माया आहेच, वेळेवर ये म्हणजे झालं.
ताई

१५ मार्च

ती. ताईस, सा. न.

पत्र वाचलं तेव्हापासून शिवतोय. टाके वाकडे पडतायत, बोटांची चाळण झाली. कार्यक्रम सोडला. सगळं शिवून होत नाहीये, पण आता निघतो. उसवल्याचं त्यांना कळलं तर? ताई, मला फार भीती वाटतेय.

धाकटा

२ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तेरावा होताच गेलास, सांगता आलं नाही, म्हणून लिहिते. उसवल्याचं बाबांना कळलं होतं. डोळे उघडत नव्हते, पण बोटं झग्याच्या काठावरून फिरत फिरत एका न शिवलेल्या चिंधीवर थांबली. तीच मुठीत धरून ते गेले. तू उशाशी रंग ओघळेपर्यंत रडत होतास, तुला दिसलं नसेल. मूठ सुटेना, म्हणून मी चिंधी कापली. ती त्यांच्याबरोबर गेली. त्यांना ती पुन्हा शिवून द्यायची होती रे.

तिथे ठिगळ लावू नकोस. बाकीचा काठ मात्र नीट शिवून घे आणि स्टेजवर पाय जपून टाक.

आता आपण दोघंच, पत्र लिहीत जा.
ताई