प्रीअॅम्पचा डबा आणि वन्संवरचा आळ

मी, खाली सही करणारी, डबल बास वाजवून पोट भरलेली, एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची विधवा, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे. मन मात्र काल दुपारपासून हादरलेलं आहे. वकीलबाई म्हणाल्या, 'हादरलेलं' काढा, उद्या कोणी कोर्टात बोट ठेवील. मी काढणार नाही. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं, विशेषतः 'नणंदेला सुतळीचा तोडाही देऊ नये' हे कलम.

१. राहतं घर लेकीला. जिन्याखालच्या खोलीत ट्रम्पेटवाला भाड्याने राहतो, त्याला हयातभर राहू द्यावं. सकाळी वाजवला म्हणून त्याला बोलू नये, दुपारी बोलावं.

२. बँकेतली शिल्लक लेक आणि मुलगा यांना निम्मी-निम्मी. भांडू नका. भांडण्याइतकी ती नाही.

३. कपाटातलं पिकअपांचं खोकं आमच्या बँडच्या गिटारवाल्याला. बास माणसाहून उंच असला तरी ड्रमपुढे त्याचं काही चालत नाही, म्हणून त्याच्या अंगाला आवाज टिपणारा पिकअप लावायचा आणि त्याचा कमजोर आवाज प्रीअॅम्पमधून सुधारून पुढे अॅम्पला द्यायचा. मी सगळे करून पाहिले. तारांखालच्या घोडीच्या फटीत बसणारा नुसती बोटांची टकटक ऐकवायचा. घोडीच्या पायाखालचा जोर लावला की पत्र्यासारखा वाजायचा. बासच्या पोटात टांगायचा छोटा माइक घेतला, तर अॅम्पजवळ गेलं की शिट्टी. पिकअपवाला म्हणे, बाई, प्रीअॅम्प बदला. प्रीअॅम्पवाला म्हणे, पिकअप बदला. मी दोघांचंही ऐकत गेले, आणि स्टेजवर माझं लक्ष सुरांपेक्षा बटणांकडेच. म्हैस विहिरीत पडल्यासारखं वाजतंय, असं हा गिटारवाला तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाला होता. घ्या आता, म्हशीचा अख्खा संसार तुमचा.

४. काळा प्रीअॅम्पचा डबा कोणालाही देऊ नये. याचं कारण लिहायला हात धजत नाही, पण लिहिते.

माझी ती तऱ्हा बघून ह्यांनी बासवर बोटं फिरतात त्या पट्टीच्या टोकाशी चुंबकाचा पिकअप बसवला आणि हा डबा स्वतः करून दिला. एक बटण, एक लाल दिवा. म्हणाले, हा उघडायचा नाही, आत नाजूक काम आहे. त्या दिवसापासून माझा बास बोलायला लागला. लोक डब्याकडे वळून बघायचे. कार्यक्रमाआधी मी बटण जरा डावीकडे फिरवायचे, मगच बोटं मोकळी व्हायची.

ह्यांची धाकटी बहीण, माझ्या वन्सं, त्याही बासच वाजवायच्या. त्यांनी एकदा न विचारता डबा घरी नेला. परत आणला तेव्हा मी सगळ्या बँडसमोर त्यांना चोर म्हटलं. तेव्हापासून त्यांनी या घराची पायरी चढली नाही.

काल वकीलबाई वस्तूंचं वर्णन लिहायला बसल्या. डब्यात काय आहे, असं विचारलं. मी आयुष्यात पहिल्यांदा स्क्रू काढले. आत एक तार, या भोकातून त्या भोकात सरळ गेलेली. बाकी कापूस, आणि दिव्यापुरती बॅटरी. बटण कशालाच जोडलेलं नव्हतं.

पहिला संशय वन्संवर. आतलं सगळं काढून घेतलं हिने! फोन उचलला आणि तोंडाला येईल ते बोलले. त्या तासाभरात आल्या, डब्यात डोकावल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "वहिनी, मी उघडला तेव्हाही एवढंच होतं."

मग तेव्हाच का नाही सांगितलंत, मी विचारलं.

"दादा म्हणाला, सांगू नकोस. ती आता कुठे डोळे मिटून वाजवायला लागली आहे. कळलं तर पुन्हा दुकानं पालथी घालील."

मी चोर म्हणत होते तेव्हा हे तिथेच उभे होते, खाली मान घालून केबल गुंडाळत. चुंबकाच्या पिकअपला मध्ये काही नसलं तरी चांगला अॅम्प भागवून नेतो, हे रेडिओवाल्याच्या बायकोला ठाऊक नसावं! माझा आवाज माझाच होता, याचा आनंद व्हायला हवा. तो होत नाही. पाठच्या बहिणीवर आळ येऊ दिला ह्यांनी, आणि घरी येऊन निवांत जेवले.

५. ह्यांचा फोटो भिंतीकडे तोंड करून टांगावा. तो कधी वळवायचा ते वन्सं ठरवतील. ह्यांची डाख द्यायची हत्यारं मुलाला.

६. <s>माझा बास, चुंबकाच्या पिकअपसकट, माझ्या पश्चात वन्संना.</s> (खोडलं आहे. खोडलेल्यावर माझी सही.)

७. माझी नणंद चोर नव्हती आणि नाही. ती मुकाट्याने बोलणी खात राहिली म्हणून मी वाजवू शकले. हे बँडमधल्या हयात असलेल्या प्रत्येकाला वाचून दाखवावं.

कलम सहा खोडण्याचं कारण. आज हे सगळं वाचून झालं तेव्हा एक साक्षीदार कमी पडत होता. वन्सं पेन मागायला लागल्या. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही. वन्सं म्हणाल्या, "मग बास खोडा. सातवं कलम वहिनींनी माझ्यासमोर लिहिलं, त्याखाली मला सही करायची आहे."

त्यांनी सही केली. मला रडू आवरेना.

मग मी वकीलबाईंना विचारलं, जिवंतपणी दिलेलं चालतं का? चालतं. तेव्हा बास आजच वन्संच्या घरी जाईल. त्या नको नको म्हणाल्या. मी म्हटलं, एकटीला उचलायचा नाही तो, एका बाजूने मला धरावं लागेल, म्हणजे मलाही तुमच्याकडे यावं लागेल. आता त्या चपला घालून दाराशी उभ्या आहेत, म्हणून इथेच आटोपतं घेते.

लिहून ठेवणार: वन्संची वहिनी (सही)

साक्षीदार: १. शेजारचे दातांचे डॉक्टर (सही)
२. लिहून ठेवणारीची नणंद, बासवादक (सही)

ठिकाण: घरची पुढची खोली
दिनांक: वकीलबाईंच्या शिक्क्याखाली आहे तोच