घरच्या अर्थ मंत्रालयाचे विसर्जन

मी, बाळाराम जोमा तरे, वय वर्षे ७४, राहणार पूर्णा, तालुका भिवंडी, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. रक्तातली साखर वाढलेली आहे, पण तिचा बुद्धीशी संबंध नसल्याचे डॉक्टरांनी खाली लिहून दिले आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. पत्नी सौ. सीताबाई हिने एकदा आवाज चढवला, त्याची हकीकत कलम ६ मध्ये येईल. तो दबाव नव्हे, खुलासा होता. माझ्यामागे तिला स्वतःच्या घरात पैशासाठी कोणाकडे हात पसरावा लागेल की नाही, एवढाच या कागदाचा खरा प्रश्न आहे. बाकी सगळे किरकोळ.

१. मी दिल्लीत केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या व्यय विभागात तेहतीस वर्षे नोकरी केली आणि कक्ष अधिकारी म्हणून २०११ साली निवृत्त झालो. गावात पुष्कळांना वाटते की तिथे नोटांच्या थप्प्या रचलेल्या असतात. तिथे कागद असतात. पैसा येणार कुठून हे महसूल विभाग बघतो, जाणार कुठे हे व्यय विभाग. दोन्हीचा मेळ घालून अर्थसंकल्प तयार करायचे काम आर्थिक व्यवहार विभागाचे. बँका आणि विमा वित्तीय सेवांकडे. सरकारी कंपन्यांतला सरकारचा हिस्सा कधी विकावा हे बघायला आणखी एक विभाग. बाकीची सगळी मंत्रालये मागणारी आणि आम्ही विचारणारे: कशाला हवे, इतके का, याच वर्षी का? देशाचा पैसा आहे, कोणीतरी विचारावेच लागते. ते काम मी मान खाली घालून केले, याचा मला अभिमान आहे. चूक झाली ती घरी परत आल्यावर.

२. निवृत्तीनंतर महिन्याभरात मी घराचे विभाग पाडले. थोरला मुलगा भाविक आमच्या दोन गोदामांचे भाडे आणतो, म्हणून त्याच्याकडे महसूल. त्याची बायको निशा बँकेत आहे, तिच्याकडे वित्तीय सेवा. धाकटा कुणाल सकाळी उठल्यापासून काय विकता येईल याचाच विचार करतो, त्यामुळे त्याचा विभाग शोधावा लागला नाही. व्यय आणि आर्थिक व्यवहार मी स्वतःकडे ठेवले. सीताबाईला विभाग दिला नाही. ती मागणारी. अन्न, आरोग्य, संरक्षण आणि पाणीपुरवठा ही सगळी मंत्रालये ती एकटीच होती.

२०१४ साली तिने मिक्सर मागितला. मी फाइल उघडून शेरा मारला, 'औचित्य स्पष्ट करावे.' तिने निशाकडून लिहवून घेतले, 'हात दुखतो.' मी लिहिले, 'वैद्यकीय दाखला जोडावा.' चौथ्या दिवशी मिक्सर ओट्यावर होता. निधी कुठून आला हे आजतागायत उघड झालेले नाही. चटणी चांगली होत होती, म्हणून मीही चौकशी लावली नाही.

३. दिल्लीत अर्थसंकल्पाच्या आधी मोठ्या कढईत हलवा करतात, आणि तो वाटला की त्या कामातली माणसे भाषण होईपर्यंत बाहेर पडत नाहीत. मीही दर जानेवारीअखेर घरात हलवा करायला लावून तीन दिवस माळ्यावर स्वतःला कोंडून घेई. ताट दाराबाहेर ठेवायचे, हाक मारायची नाही, असा आदेश होता. २०१९ साली मी असा आत असताना गोदामाचा भाडेकरू करार वाढवायला आला. आदेशाप्रमाणे मला कोणी हाक मारली नाही. सीताबाईने पायरीवर बसून बोंबील साफ करता करता त्याच्याशी बोलणे केले आणि भाडे चौथाईने वाढवून घेतले. मी खाली उतरून ती वाढ माझ्या दूरदृष्टीचे फळ म्हणून भाषणात वाचून दाखवली. टाळ्या एकट्या कुणालने वाजवल्या. त्याला मोटरसायकल हवी होती.

४. माझा चुलतभाऊ अनंता याने 'आमचा बाळाराम दिल्लीला नोटा छापतो' असे सांगून तीन लग्नांत मानाचे पान मिळवले, आणि मी त्याच्या मुलाला नोकरीला चिकटवले नाही म्हणून माझ्या मुलीच्या हळदीला आला नाही. त्यास मी एक रुपयाची कोरी नोट देतो. ही नोट मात्र खरोखर अर्थ मंत्रालयाची असते, तिच्यावर वित्त सचिवांची सही असते. त्याने ती नीट वाचावी.

५. मुलगी मृणाली हिला माझी भविष्य निर्वाह निधीतून उरलेली ठेव. घरच्या फाइलींवर मारायला धामणकर नाक्यावरून करून आणलेले माझे चार रबरी शिक्के निशाने खाडीत टाकावेत. बाराव्याला माझ्या शिस्तीवर भाषण करायला कोणी उठल्यास त्याला जेवायला बसवावे.

६. आता मुख्य. कच्च्या मसुद्यात मी लिहिले होते की घर व दोन्ही गोदामे सीताबाईच्या नावे राहतील, मात्र पाच हजारांवरच्या खर्चास दोन्ही मुलांची लेखी मंजुरी घ्यावी. गेल्या गुरुवारी तिला वाचून दाखवले. ती तांदूळ निवडत होती.

"म्हंजे तुमी गेल्यावर बी मी अर्जच करायचा?"

"अर्ज नाही, प्रस्ताव."

"पोरांना? ज्यांना मी न्हाऊ-माखू घातला त्यांना?"

मी म्हणालो, पद्धत आहे, पैशाला विचारणारा कोणी हवा. तेव्हा तिने सूप खाली ठेवले आणि आवाज चढवला.

"देशाचा पैसा देशाचा हाय, म्हनून तिथं इचारतात. ह्यो कोनाचा हाय? गोदामं हायती तिथं शेत हुतं. तुमी तेहतीस वर्सं दिल्लीला. लावनी कोनी केली? सारा भरायला तलाठ्याकडं कोन जात हुतं? मी कोनाला मंजुरी मागत हुते तवा?"

तेहतीस वर्षांत दर सुट्टीला मी आलो, भात खाल्ला आणि तो आला कुठून हे एकदाही विचारले नाही. जन्मभर विचारण्याचाच पगार घेतलेल्या माणसाने नेमके तेवढेच विचारायचे सोडले, याची मला लाज वाटते.

७. सबब वरील अट रद्द. घर, दोन्ही गोदामे व त्यांचे भाडे सीताबाईचे. ठेवावे, विकावे, उधळावे, तिची मर्जी. तिच्या पश्चात उरेल ते भाविक व कुणाल यांनी निम्मे निम्मे घ्यावे, आणि उरले नाही तर आईने मजा केली असे समजावे. तिच्या खर्चाचे कारण विचारण्याचा अधिकार कोणालाही नाही. मला होता असे मी समजत आलो. तो मी देऊन जात नाही, कारण तो माझा नव्हताच.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी निशाने करावी. वाचून, समजून, चष्मा लावून सही केली.

सही: बाळाराम जोमा तरे

साक्षीदार:
१. डॉ. मेघाली केणी, धामणकर नाका. (साखर जास्त, बुद्धी ठीक.)
२. विवेक येसू वरठा, गोदामावरील पहारेकरी.

सीताबाईला साक्षीदार करता आले नाही, कारण मालमत्ता तिला जाते. तिला सही करायची होती. म्हणून ही खालची, कायद्यात न बसणारी:

सीताबाई बाळाराम तरे. वाचला. बराबर हाय. तेहतीस वर्सं उशीर झाला, तरी बराबर हाय.

ठिकाण: पूर्णा, भिवंडी
दिनांक: १२ जानेवारी २०२६